उड्डाणक्षम प्रतिकृती, आद्य विमानांच्या

विमानविद्येच्या आरंभकाळातील एखादे विमान मूळ मापांनुसार, मूळ प्रकारच्याच सामग्रीने पुन्हा बांधून उडविले, तर त्यास उड्डाणक्षम प्रतिकृती म्हणतात. संग्रहालयातील प्रतिकृती केवळ रूप दाखविते. उडणारी प्रतिकृती मूळ यंत्राविषयीच्या दाव्याची परीक्षा घेते. मात्र ज्या पुराव्यांवरून ती बांधली जाते, त्यांच्याइतकीच ही परीक्षा विश्वसनीय असते.

ऑर्व्हिल व विल्बर राइट यांच्या ‘फ्लायर’ विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ (अमेरिका) चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे व सु. ३७ मी. अंतराचे, तर शेवटचे ५९ सेकंदांचे व सु. २६० मी. अंतराचे होते. राइट बंधूंची पत्रे, नोंदी व छायाचित्रे उपलब्ध असून मूळ विमानही जतन केलेले आहे. त्यामुळे प्रतिकृतिकारांचे काम सुकर झाले. सोपे मात्र झाले नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पूर्णाकृती प्रतिकृतीची वातविवरात (कृत्रिम वायुप्रवाहाच्या बोगद्यात) चाचणी घेतली, तेव्हा हे विमान अतिशय अस्थिर असल्याचे मोजमापांनीच सिद्ध झाले. शताब्दीनिमित्त केन हाइड यांच्या चमूने बांधलेली प्रतिकृती नोव्हेंबर २००३ मधील सरावात थोडे अंतर उडाली; प्रत्यक्ष शताब्दीदिनी पाऊस व अपुरा वारा यांमुळे ती जमिनीवरून उठू शकली नाही. मूळ उड्डाणामागे किती कौशल्य होते, हे या अपयशातूनच अधिक स्पष्ट होते.

मुळात फेरफार केल्यास परीक्षा फसवी ठरते. सॅम्युएल लँग्ली यांचे विमान १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले होते. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी ते महत्त्वाचे बदल करून उडविले आणि तेच पहिले उड्डाणक्षम विमान असल्याचे भासविण्यात आले. त्यावरून निर्माण झालेला वाद स्मिथसोनियन संस्थेने १९४२ मध्ये आपली भूमिका सुधारेपर्यंत चालला. गुस्टाव्ह व्हाइटहेड यांच्या १९०१ सालच्या कथित उड्डाणाच्या समर्थनार्थ १९८६ मध्ये उडविलेल्या प्रतिकृतीस आधुनिक एंजिने होती. तिच्या उड्डाणाने मूळ दावा सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांच्या संदर्भात उपस्थित होतो. मुंबईच्या या संस्कृताभ्यासकाने १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मानवरहित यान उडविले, असे सांगण्यात येते. सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ती रानडे तेथे उपस्थित असल्याचेही म्हटले जाते. पडताळता येईल असा समकालीन पुरावा मात्र उपलब्ध नाही. मानवरहित उड्डाण त्या काळी अशक्य होते, असे नव्हे. लँग्ली यांची वाफेवर चालणारी लहान प्रतिमा ६ मे १८९६ रोजी सु. १ किमी. उडाली. फरक इतकाच, की तेथे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल उपस्थित होते व त्यांनी छायाचित्र घेतले.

‘मरुत्सखा’ची मापे, वजन वा शक्तिसाधन यांची विश्वसनीय नोंद नसल्याने त्याची प्रतिकृती बांधता येत नाही, बांधता येते ती कल्पनाकृती. ही उणीव वैमानिक शास्त्र या ग्रंथाने भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात, म्हणजे तळपदे यांच्या निधनानंतर, सांगितला व त्यातील आकृत्या त्यानंतर काढण्यात आल्या. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे प्रभृतींनी १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नसावा आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्या आकृत्यांवरून बांधलेले यान उडाले नाही, तरी त्यावरून तळपदे अपयशी ठरत नाहीत. त्या यानाचा त्यांच्या प्रयोगाशी संबंधच प्रस्थापित होत नाही. तळपदे यांच्या जीवनावर आधारित हवाईजादा (२०१५) या हिंदी चित्रपटातील विमानासही अस्सल आराखड्याचा आधार नाही.