लाल मातीतले पुराण

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अंगाला तेल लावी आणि लावता लावता कृष्णाने नरकासुर मारल्याची गोष्ट सांगे. दिवाळीतली ही तेलाची आणि गोष्टीची जोडी सर्वांच्याच परिचयाची आहे. मला मात्र ती वर्षातून एकदाच नव्हे, रोज पहाटे भेटत असे.

कर्जतजवळ, उल्हास नदीच्या काठी आमचे गाव. गावाबाहेर मारुतीचे देऊळ आणि देवळाला लागून तालीम. हौदातल्या लाल मातीत ताक, तेल आणि हळद कालवलेली असे. आधी मारुतीला नमस्कार, मग जोर-बैठका, मग लढत. आणि अंगावरचा घाम वाळण्यापूर्वी वस्तादांची एक गोष्ट.

वस्ताद चौथीपर्यंत शिकलेले. पण श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ त्यांनी देवळात बसून इतक्यांदा ऐकले होते की, पोराची चूक दिसली की तिला लागू पडणारी कथा त्यांच्या ओठांवर तयारच असे. समोरचा गडी थोराड पाहून कुणी कचरला, तर समुद्रकाठी बसलेल्या हनुमंताला जांबुवंताने त्याच्या बळाची आठवण कशी करून दिली, ते सांगत. कुणी नुसताच रेटा लावू लागला, की जरासंध निघे. भीम त्याला दोनदा उभा चिरतो आणि दोन्ही फाळके पुन्हा सांधतात. तेव्हा कृष्ण काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट टाकतो. "एकच डाव दोनदा फसला तर तिसऱ्यांदा जोर वाढवू नकोस, दिशा बदल," एवढे बोलून वस्ताद पुन्हा हौदात उतरवीत. पुराणातली काडी अशी थेट आमच्या खांद्यात आणि कमरेत येऊन बसे.

मल्लखांबाचीही त्यांची एक कथा होती. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या राज्यातले दोन नामांकित मल्ल आले. त्यांचे आव्हान बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली, तेव्हा स्वप्नात मारुतीने खांबावरच्या उड्या दाखविल्या.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो आणि चार पुस्तके वाचून शहाणा झालो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे; मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि मेहनत यांचे वर्णन आहे, आणि त्या मेहनतीत खांबावरचा श्रमही आहे! म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या आधी साडेसहाशे वर्षे खांब होताच. सुट्टीत घरी येताच मी वस्तादांना गाठले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "खांब जुना असेल, बाबा. पण खांबाकडे माकडाच्या नजरेने पाहायला कुणी शिकवलं?"

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पटायला नको होते. तरी खांब हातांनी नव्हे, मांड्यांनी धरायचा, हे मला त्या स्वप्नाच्या गोष्टीनेच शिकवले होते, हे नाकारता येईना.

त्याच सुट्टीत जत्रेची दंगल आली. माझ्या जोडीला खालापूरकडचा एक पोरगा होता. त्याचा उजवा गुडघा दुखरा असल्याचे मी नमस्कार करतानाच हेरले. मी नेमका त्याच पायाचा पट काढला आणि तो पाठीवर गेल्यावरही पाय पिळून धरला. पंचाने सोडवले. लोकांनी मला फेटा बांधला. तो पोरगा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून गेला.

रात्री देवळात वस्तादांनी गदायुद्ध सांगितले. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली, तेव्हा नाभीखाली वार केला म्हणून बलराम नांगर उगारून धावला. "बलराम दोघांचाही गुरू होता," एवढे बोलून त्यांनी माझ्याकडे न पाहता दिवा मोठा केला. भीमाला शपथ होती, कृष्णाची खूण होती. मला काय होते?

आठवड्याने ते मला बरोबर घेऊन निघाले. खोपोलीपर्यंत गाडी, पुढे पालीच्या रस्त्याने एसटी आणि शेवटी पायपीट. खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून घाट उतरून या रानात शिरला. मराठे बोलले नाहीत, हलले नाहीत. सारी फौज चिंचोळ्या वाटेत शिरेपर्यंत थांबले आणि मग दोन्ही बाजूंनी तुटून पडले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आहे. त्या काव्यात शिवाजीमहाराज विष्णूचे अवतार आहेत आणि त्याच काव्याने ही लढाई आपल्यासाठी जपून ठेवली आहे. फौजेबरोबरच्या रायबागन या सरदारणीने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने धनदौलत आणि सामान ठेवले. महाराजांनी त्याला जिवंत जाऊ दिले.

"दबा धरून बसणं तुला येतं," वस्ताद म्हणाले. "सोडणं शिकायचं राहिलं."

परतताना आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईने आम्हाला चहा दिला. त्याने मला नावानेही हाक मारली नाही. पुढे तो शेती करू लागला. लंगोट मात्र त्याने पुन्हा चढवला नाही.

आता चावणीजवळ लढाईचे स्मारक उभे आहे. कुस्त्या गादीवर होतात, आणि त्यात वाईट काही नाही. गेल्या दिवाळीत नातवाने अंगणात मातीचा किल्ला केला. पायथ्याशी त्याला खिंड करायला लावून मी उंबरखिंडीची गोष्ट सांगितली. आणि सांगता सांगता, कधी नव्हे ती, माझ्या दंगलीचीही सांगितली.

नातू मावळा मातीत रोवता रोवता थांबला आणि म्हणाला, "आजोबा, महाराजांनी खानाला सोडलं. मग तुम्ही त्याला का नाही सोडलंत?"

या प्रश्नाला पुरी पडेल अशी कथा वस्तादांच्या पोथीतही नव्हती.