छायाचित्रावरील हात

मुंबईच्या लोकल गाडींत, सायंकाळच्या गर्दींत उभ्या उभ्या, एखादी कॉलेजांतील मुलगी हातांतल्या मोबाइलवर सकाळीं काढलेला मरीन ड्राइव्हचा फोटो उघडते. बोटानें ती आकाश जांभळें करते, कडेचा विजेचा खांब पुसून टाकते, दुसऱ्या एका फोटोंतील बगळ्यांची रांग आणून समुद्रावर बसविते, आणि दादर येण्याच्या आंत एक नवेंच चित्र तयार होतें. शेजारीं बसलेले वृद्ध गृहस्थ तें पाहतात आणि मनांत म्हणतात, ‘ही कला, कीं लबाडी?’ प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो नवा मात्र नाहीं. तो छायाचित्रणाइतकाच जुना असून प्रत्येक पिढीला त्याचें उत्तर नव्यानें शोधावें लागलें आहे.

सन १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याचा छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि फ्रेंच सरकारनें त्याला वर्षासन बांधून दिलें. त्याच नगरांत इपोलित बायार नांवाचा एक सरकारी कारकून होता. कागदावर थेट चित्र उमटविण्याची स्वतंत्र रीत त्यानेंही शोधून काढली होती. परंतु मानाचा वांटा त्याला मिळाला नाहीं. १८४० सालीं या उपेक्षिलेल्या माणसानें स्वतःचाच फोटो काढला, तो बुडून मेलेल्या माणसाच्या रूपांत. उघडें अंग, मिटलेले डोळे, एका बाजूस कललेलें मस्तक. आणि चित्राच्या पाठीवर असा मजकूर कीं, सरकारनें दागेरला सर्व कांहीं दिलें व बायारला कांहींच दिलें नाहीं, म्हणून या अभाग्यानें जलसमाधि घेतली. वास्तविक बायार पुढें १८८७ पर्यंत जगला. येथें कागदावर खाडाखोड मुळींच नव्हती. तरीही चित्र खोटें होतें. कॅमेरा खोटें बोलत नाहीं ही म्हण रूढ होण्यापूर्वींच ती खोटी ठरली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

चित्रावर प्रत्यक्ष हात चालविण्याचें मोठें धाडस ऑस्कर रेलँडर यानें केलें. हा मूळचा स्वीडनचा. इंग्लंडमध्यें स्थायिक झालेला. १८५७ सालीं मँचेस्टर येथील कलाप्रदर्शनांत त्यानें ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या नांवाचें एक भव्य चित्र मांडलें. एक वृद्ध दोन तरुणांना संसाराच्या उंबरठ्यावर घेऊन आला आहे. एका बाजूस उद्योग व सदाचार, दुसऱ्या बाजूस विलास व व्यसन, असा त्याचा विषय. हें चित्र एका फोटोचें नव्हे. तीसहून अधिक निगेटिव्ह कांचा त्यासाठीं वेगवेगळ्या तयार केल्या होत्या. एका कांचेवरील आकृति कागदावर उमटवितांना कागदाचा बाकीचा भाग झांकून ठेवावयाचा, मग दुसरी कांच, मग तिसरी, असें करीत करीत संपूर्ण देखावा जुळविला गेला. व्हिक्टोरिया राणीनें त्याची एक प्रत प्रिन्स अल्बर्टसाठीं विकत घेतली. परंतु छायाचित्रकारांतच दोन पक्ष पडले. पुढल्याच वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्हांतून एका मरणासन्न मुलीचें चित्र जुळविलें, तेव्हां तर लोक दुखावले. अशाच दुःखाचें रंगविलेलें चित्र त्यांनीं शांतपणें पाहिलें असतें. परंतु फोटो म्हटला म्हणजे तो घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार असा समज होता, आणि साक्षीदारानें सोंग घ्यावें हें त्यांना रुचेना. रेलँडर १८७५ सालीं दारिद्र्यांत मरण पावला.

युरोपांत हा वाद चालू असतां मुंबईही मागें नव्हती. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं एक होते. त्याच सोसायटीच्या संस्थापकांपैकीं विल्यम जॉन्सन यानें मुंबईंत राहणाऱ्या व येणाऱ्याजाणाऱ्या नाना जातीजमातींचीं छायाचित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. पहिला खंड १८६३ सालचा, दुसरा १८६६ सालचा. या चित्रांतील गंमत अशी कीं, त्यांतील माणसें एका जागीं आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच जागचा. माणसांचे फोटो निराळे काढून त्यांना निराळ्या फोटोंतील देवळांच्या वा रस्त्यांच्या पुढें उभें केलें आहे. आज मोबाइलवर पार्श्वभूमि बदलण्याचें जें कौतुक होतें, तें मुंबईच्या माणसांच्या बाबतींत दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच घडून गेलेलें आहे.

परंतु येथेंच एक गंभीर गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. जॉन्सनचें पुस्तक कलेची करमणूक म्हणून निघालेलें नव्हतें. अमुक जातीचे लोक असे दिसतात, असे बसतात, अशा ठिकाणीं वावरतात, हें दूरदेशींच्या वाचकाला सांगण्याचा त्याचा आव होता. ज्या माणसांस तेथें उभें केलें त्यांस कोणीं विचारलें नाहीं, आणि वाचकाला जोड दिसली नाहीं. तंत्र रेलँडरचेंच, परंतु रेलँडरचें रूपक होतें, आणि जॉन्सनची माहिती होती. एकच हातचलाखी रूपकांत शोभते आणि माहितींत दोषास्पद ठरते, हें सूत्र येथपासूनच दिसूं लागतें.

या सूत्राची दुसरी बाजू पाहावयाची तर दादासाहेब फाळक्यांकडे पाहावें. बडोद्याच्या कलाभवनांत त्यांनीं छायाचित्रण व छपाई यांचे धडे घेतले, पुढें फोटोग्राफीचा धंदाही केला. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणतांना आणि त्यानंतरच्या पौराणिक चित्रपटांत त्यांनीं देवांना क्षणांत प्रकट केलें व क्षणांत अदृश्य केलें. ‘लंकादहना’त तर अण्णा साळुंके या एकाच नटानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षक हात जोडून बसले, पण कोणीं फसविलें अशी तक्रार केली नाहीं. कारण आपण नाटक पाहावयास आलों आहों हें प्रत्येकास ठाऊक होतें. त्याच काळांत गांवोगांवच्या स्टुडिओंत काळ्यापांढऱ्या फोटोंवर रंग चढविणारे कारागीर असत. वडिलांच्या फोटोंतील पागोट्याला लाल रंग, आईच्या नथीला एक शुभ्र ठिपका, इतक्यानें घरचीं माणसें तृप्त होत. तो रंग ब्रशाचा आहे हें डोळ्यांना दिसत असे. त्यामुळें त्यांत फसवणूक नव्हती, आपुलकी होती.

जेथें रंग दिसूं नये अशी व्यवस्था केली गेली, तेथें मात्र अनर्थ झाला. सोव्हिएट रशियांत निकोलाय येझॉव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख एका कालव्याच्या कांठीं स्टॅलिनच्या शेजारीं उभा असलेला फोटो प्रसिद्ध होता. १९४० सालीं येझॉव्हला गोळी घालण्यांत आली, आणि त्या फोटोंतूनही तो नाहींसा झाला. त्याच्या जागीं कालव्याचें पाणी पसरलें. अमेरिकेंत १९८२ च्या फेब्रुवारींत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें गिझाचे दोन पिरॅमिड मुखपृष्ठाच्या उभ्या आकारांत बसावेत म्हणून संगणकाच्या साहाय्यानें एकमेकांजवळ सरकविले. कोणाचा प्राण गेला नाहीं. परंतु चार हजार वर्षांहून अधिक काळ अढळ राहिलेलीं तीं दगडी शिखरें एका संपादकाच्या सोयीसाठीं हललीं, याचा वाचकांस धक्का बसला.

पुढचा टप्पा घरगुती आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस नोल यानें १९८७ सालीं संगणकाच्या पडद्यावर करड्या छटा दाखविण्यासाठीं एक छोटी आज्ञावली लिहिली. त्याचे वडील हौशी छायाचित्रकार. घराच्या तळघरांत त्यांची अंधारी खोली होती आणि मुलगा तेथेंच फोटो धुण्याची विद्या शिकला होता. भाऊ जॉन हा चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यें तयार करणाऱ्या कंपनींत नोकरीस होता. दोघांच्या श्रमांतून निघालेली आज्ञावली ॲडोबी कंपनीनें १९९० सालीं ‘फोटोशॉप’ या नांवानें विक्रीस काढली. अंधाऱ्या खोलींत छपाईच्या वेळीं चित्राचा एखादा भाग उजळ राहावा म्हणून काडीला लावलेल्या चकतीनें त्यावर सावली धरीत, आणि एखादा भाग गडद व्हावा म्हणून मुठीच्या फटींतून प्रकाश अधिक पाडीत. फोटोशॉपमध्यें या दोन क्रियांचीं चिन्हें म्हणून तीच चकती आणि तीच मूठ राहिली. नवें यंत्र जुन्या हातांची आठवण विसरलें नाहीं.

आतां मोबाइलकडे वळावें. ११ जून १९९७ रोजीं कॅलिफोर्नियांतील एका प्रसूतिगृहांत फिलिप कान या तंत्रज्ञानें कॅमेरा, संगणक आणि मोबाइल फोन यांची जुळणी करून आपल्या नवजात कन्येचा फोटो दोन हजारांहून अधिक परिचितांना तत्काळ पाठविला. २००० सालीं जपानांत शार्प कंपनीचा कॅमेरायुक्त फोन विक्रीस आला. त्याचें चित्र सुमारें १ लाख १० हजार ठिपक्यांचें होतें. २००७ सालीं आयफोन आला, २००८ सालीं त्यावर ॲप घेण्याचें दुकान उघडलें, आणि चित्रशाळा खिशांत शिरली. २००९ च्या जून महिन्यांत ‘न्यू यॉर्कर’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकाचें मुखपृष्ठ होर्हे कोलोंबो यानें फोनवर ‘ब्रशेस’ नांवाच्या ॲपनें, केवळ बोटानें रंगविलेलें होतें. इंग्लंडचा नामांकित चित्रकार डेव्हिड हॉकनी यानें सत्तरी उलटल्यावर त्याच ॲपवर फुलें काढून मित्रांना पाठविण्याचा परिपाठ ठेविला. २०१२ सालीं लंडनच्या रॉयल ॲकॅडमींत वसंताच्या आगमनाचीं त्याचीं ५१ आयपॅडचित्रें मोठ्या आकारांत भिंतींवर झळकलीं.

फोटो बदलणारीं ॲपेंही याच सुमारास आलीं. २००९ च्या अखेरीस ‘हिप्स्टमॅटिक’, २०१० च्या ऑक्टोबरांत ‘इन्स्टाग्राम’, २०११ सालीं ‘स्नॅपसीड’. २०१० सालींच डेमन विंटर या वृत्तछायाचित्रकारानें अफगाणिस्तानांतील अमेरिकन सैनिकांचे हिप्स्टमॅटिकनें काढलेले फोटो ‘न्यू यॉर्क टाइम्स’ मध्यें प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षीं एका मोठ्या स्पर्धेंत त्यांना तिसरें पारितोषिक मिळालें. मग १८५७ चाच वाद पुन्हा उसळला. एक पक्ष म्हणे, हे फिके रंग आणि या काळसर कडा युद्धभूमीवर नव्हत्या, त्या ॲप करणाऱ्यानें घातल्या. दुसरा पक्ष म्हणे, काळ्यापांढऱ्या फिल्मवर लढाई टिपली तेव्हां रणांगण तरी कोठें काळेंपांढरें होतें?

या ॲपांच्या पोटांत चालतें काय, हेंही समजून घ्यावें. मोबाइलमधील फोटो म्हणजे ठिपक्यांची एक विशाल जाळी. प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक असतात. प्रत्येक अंक सामान्यतः ० ते २५५ यांच्या दरम्यान. या तिन्हींच्या मिश्रणांतून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा सिद्ध होतात. फोटो उजळ करणें म्हणजे हे अंक वाढविणें. दोन फोटो एकावर एक चढविणें म्हणजे त्यांच्या अंकांचा हिशेब करणें. आणि ‘मास्क’ म्हणजे अमुक ठिपक्यांना हात लावूं नये अशी आज्ञा. रेलँडरनें कागदाचा भाग झांकला तीच ही क्रिया. तत्त्व बदललेलें नाहीं. बदलले आहेत ते श्रम. रेलँडरच्या जुळणीस दिवसांमागून दिवस लागले, तीच जुळणी आज दोन स्थानकांच्या दरम्यान होते.

आणि खरा धोका व खरा लाभ, दोन्ही यांतच आहेत. पूर्वीं चित्र बदलण्यास कसब, वेळ आणि पैसा लागे. हे श्रम हाच फसवणुकीवर एक प्रकारचा अंकुश होता. शिवाय ब्रश कोठें फिरला हें जाणत्या डोळ्यास बहुधा कळत असे. आज अंकुशही गेला आणि खूणही गेली. मार्च २०२४ मध्यें इंग्लंडच्या युवराज्ञीचा मुलांसह असलेला मातृदिनाचा कौटुंबिक फोटो प्रसिद्ध झाला. त्यांत मुलीच्या डाव्या हाताजवळचा भाग नीट जुळत नाहीं असें आढळतांच मोठ्या वृत्तसंस्थांनीं तो परत घेतला. दुसऱ्या दिवशीं युवराज्ञीनें, अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणें आपणही कधीं कधीं संपादनाचे प्रयोग करतों, असें सांगून क्षमा मागितली. आदल्या वर्षीं, २०२३ सालीं, बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंतानें उलट मार्ग धरला. एका नामांकित छायाचित्रस्पर्धेंत त्याला पारितोषिक मिळालें, तेव्हां आपलें चित्र कॅमेऱ्याचें नसून कृत्रिम बुद्धीनें तयार केलेलें आहे असें सांगून त्यानें तें नाकारलें. एकीच्या निरुपद्रवी हौसेवर जगाचा विश्वास डळमळला. दुसऱ्यानें आपल्या शब्दानें तो सांवरण्याचा यत्न केला.

लाभही लहान नाहीं. कालपर्यंत चित्रकलेस रंग, कागद, जागा आणि शिक्षक लागत. ज्या घरांत यांतील एकही नव्हतें, त्या घरांतील मुलाच्या हातीं आज निदान एक फोन येतो. त्या लहान पडद्यावर तो रंगांची संगति शिकतो, काय ठेवावें आणि काय वगळावें याचा विचार करूं लागतो. कलेची पहिली पायरी हीच होय. त्याच्या हातांतील साधन स्वस्त आहे म्हणून त्याची कृति हलकी ठरत नाहीं. हॉकनीचें साधनही तेंच होतें.

तेव्हां लोकल गाडींतील त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर चित्रांत शोधून सांपडणार नाहीं. जांभळें आकाश आणि उसने बगळे हें चित्र म्हणून पुढें आलें तर ती कला; ‘आज सकाळीं मरीन ड्राइव्हला असें होतें’ म्हणून पुढें आलें तर ती लबाडी. ठिपके दोन्हीं वेळां तेच. भेद पडतो तो देणाऱ्याच्या शब्दानें आणि घेणाऱ्याच्या समजुतीनें. फाळक्यांचे देव त्या समजुतीवर उभे राहिले आणि जॉन्सनचीं माणसें तिच्या अभावीं पोरकीं झालीं. खूण दिसेनाशी झाली असतां बोलण्याची जबाबदारी वाढते. चित्र करणाऱ्यानें ‘हें मीं केलें आहे’ एवढें सरळ सांगावें. तेवढ्यानें त्याची कला उणी होत नाहीं, आणि पाहणाऱ्याचा खऱ्या फोटोवरचा विश्वासही शाबूत राहतो.