पैसा फंड काच कारखाना, तळेगाव दाभाडे

पैसा फंड काच कारखाना हा महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये स्थापन झालेला काच कारखाना होय. स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेल्या ‘पैसा फंड’ या लोकवर्गणीतून तो उभा राहिला. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांनी या उपक्रमाचा पुरस्कार केला, तर काचविद्येचे परदेशात शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी कारखान्याच्या उभारणीत तांत्रिक मार्गदर्शन केले. भारतातील आधुनिक काचउद्योगाच्या आरंभीच्या कारखान्यांत त्याची गणना होते. मालाच्या उत्पादनाबरोबरच काच कारागीर तयार करणारी शाळा म्हणूनही तो ओळखला जातो. पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण हा आजचा औद्योगिक पट्टा आकाराला येण्यापूर्वी सुमारे अर्धे शतक या परिसरात आधुनिक उद्योगाचा हा प्रयोग झाला होता.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात काच ही नवीन वस्तू नव्हती. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननांत बहामनी काळातील काचेच्या बांगड्यांचे अवशेष मोठ्या प्रमाणावर सापडले आहेत. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी या अवशेषांचा विशेष अभ्यास केला. गावोगावचे काचारी लहान भट्ट्यांवर बांगड्या व मणी घडवीत. मात्र ही काच रंगीत, अपारदर्शक आणि ठिसूळ असे. दिव्याची चिमणी, औषधाची बाटली, पेला किंवा खिडकीची तावदाने तिच्यापासून होत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघर रॉकेलचे दिवे आले आणि चिमण्यांची मागणी वाढली. ही गरज परदेशी मालाने भागविली. ऑस्ट्रिया-बोहेमियातून बांगड्या व मणी, बेल्जियममधून तावदानांची काच, तर जर्मनी आणि पुढे जपानमधून दिव्यांचे सामान व किरकोळ वस्तू येत. भारतात यंत्रयुगीन पद्धतीचे काच कारखाने काढण्याचे काही प्रयत्न या काळात झाले, पण त्यांतील बहुतेक अल्पजीवी ठरले. भट्टी अखंड पेटती ठेवण्याचा खर्च, उष्णता सोसणाऱ्या मातीच्या पात्रांची दुर्मिळता आणि कुशल कारागिरांचा अभाव ही त्यांची मुख्य कारणे होती.

७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव झाला आणि १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. महाराष्ट्रात टिळकांनी ‘केसरी’तून स्वदेशी आणि बहिष्कार यांचा प्रचार केला. परदेशी वस्तू टाकून द्यायची, तर तिच्या जागी देशी वस्तू मिळाली पाहिजे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. पैसा फंडाचा कारखाना हा त्या प्रश्नाला दिलेल्या व्यावहारिक उत्तरांपैकी एक होय.

पैसा फंड

अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती. प्रत्येक भारतीयाने देशी उद्योगांसाठी वर्षाला एक पैसा द्यावा. त्या काळच्या चलनात चार पैशांचा आणा व सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. १९०१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या २९ कोटींहून अधिक होती. प्रत्येकाने एक पैसा दिला असता वर्षाला सुमारे ४५ लाख रुपये जमले असते. प्रत्यक्षात इतका निधी जमणे शक्य नव्हते. मात्र या हिशेबातून भांडवलासाठी धनिकांवर वा सरकारवर अवलंबून राहण्याची गरज नाही, हा विचार सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने मांडता आला.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या योजनेस तंतोतंत लागू पडते. परंतु तिच्यातील अडचणही त्यातच होती. एक लाख रुपये उभे करायचे, तर चौसष्ट लाख पैसे गोळा करावे लागणार. एक रुपया जमविण्यासाठी स्वयंसेवकाला चौसष्ट जणांपुढे हात पसरावा लागे. त्यामुळे निधीची रक्कम वाढण्याची गती मंद राहिली. दुसरीकडे, वर्गणी मागण्याच्या निमित्ताने स्वदेशीचा विचार घराघरांत पोहोचला.

कारखान्याचे भांडवल लोकमान्य टिळकांनी पुरविले, असा उल्लेख काही लेखनात आढळतो. टिळकांचा पाठिंबा आणि ‘केसरी’ने दिलेली प्रसिद्धी यांवाचून निधीला प्रतिष्ठा लाभली नसती, हे खरे आहे. मात्र योजना काळे यांची होती आणि पैसा सामान्य वर्गणीदारांचा होता. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय कारखान्याच्या नावाचा अर्थ नीट कळत नाही.

स्थापना

१९०८ मध्ये तळेगाव येथे कारखाना सुरू झाला. याच वर्षी २४ जून रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. मंडालेहून त्यांची सुटका जून १९१४ मध्ये झाली. म्हणजे कारखान्याची पहिली सहा वर्षे त्याच्या सर्वांत प्रभावी पुरस्कर्त्याच्या गैरहजेरीत गेली.

ईश्वरदास वार्ष्णेय हे मूळचे उत्तर हिंदुस्थानातील अलीगढचे. त्यांनी जपानमध्ये काचनिर्मितीचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अध्ययन केले. मराठी माणसांनी जमविलेल्या निधीतून उभ्या राहणाऱ्या कारखान्याला उत्तर हिंदुस्थानातील तंत्रज्ञ लाभावा, ही स्वदेशी चळवळीची अखिल भारतीय व्याप्ती दाखविणारी घटना आहे. वार्ष्णेय यांनी पुढे संयुक्त प्रांतातील (आताचा उत्तर प्रदेश) बहजोई येथे यू. पी. ग्लास वर्क्स हा कारखाना काढला.

स्थान

तळेगाव हे मुंबई–पुणे लोहमार्गावरील स्थानक आहे. खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. काच कारखान्याच्या दृष्टीने लोहमार्गाचे सान्निध्य महत्त्वाचे होते, कारण लागणारा बहुतेक कच्चा माल स्थानिक नव्हता. दख्खनचे पठार बेसाल्ट या काळ्या खडकाचे असून त्यापासून बनलेल्या नदीच्या वाळूत लोहाचे प्रमाण जास्त असते. अशा वाळूपासून स्वच्छ, पारदर्शक काच होत नाही. त्यासाठी शुद्ध गारगोटीची (सिलिका) वाळू बाहेरून आणावी लागे. पुणे परिसरात दगडी कोळशाच्या खाणी नाहीत. सोडा ॲशचे उत्पादन त्या काळी भारतात होत नसल्याने तो परदेशातून येई. काच स्वदेशी झाली तरी तिच्या घटकांपैकी एक दीर्घकाळ विदेशीच राहिला, ही या उद्योगाची मोठी मर्यादा होती. मिठापूर येथील टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ मध्ये स्थापन झाली.

निर्मितीची प्रक्रिया

नेहमीच्या वापरातील काचेत सुमारे ७० ते ७५ टक्के सिलिका असते. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागते. सोडा मिसळल्याने हे तापमान खाली येते. मात्र केवळ सोडा व सिलिका यांची काच पाण्यात विरघळते. म्हणून चुनखडी घालून तिला टिकाऊपणा आणतात. वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट छटा येते. ती घालविण्यासाठी अल्प प्रमाणात मँगनीज डाय-ऑक्साइड वापरण्याची पद्धत जुनी आहे. कोबाल्टच्या संयुगांनी काच निळी होते.

हाताने काच घडविण्याच्या पद्धतीत हे मिश्रण उष्णतारोधक मातीच्या पात्रांत घालून भट्टीत सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. त्यानंतरचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात :

१. कारागीर लांब, पोकळ लोखंडी फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो.
२. सपाट पाट्यावर गोळा फिरवून त्याला एकसारखा आकार देतो.
३. नळीतून हवा फुंकून गोळा फुगवितो आणि साच्यात घालून त्यास हवा तो आकार देतो.
४. वस्तू नळीपासून वेगळी करून तिच्या कडा पुन्हा तापवून गुळगुळीत करतात.
५. वस्तूचे अनुशीतन करतात, म्हणजे ती विशिष्ट तापमानापासून अतिशय मंद गतीने थंड होऊ देतात.

शेवटचा टप्पा वगळल्यास काचेत ताण राहतो आणि वस्तू वापरताना, क्वचित नुसती ठेवलेली असतानाही, तडकते. दिव्याची चिमणी हे या कौशल्याच्या कसोटीचे चांगले उदाहरण आहे. तिची भिंत पातळ असावी लागते आणि सर्वत्र सारख्या जाडीची असावी लागते. एखाद्या ठिकाणी काच जाड राहिली, तर ज्योतीच्या उष्णतेने ती कमीअधिक प्रसरण पावते आणि चिमणी फुटते. किती काच उचलावी, केव्हा आणि किती जोराने फुंकावे, हे पुस्तकातून शिकता येत नाही. भट्टीसमोर उभे राहून हाताला वळण लावावे लागते.

प्रशिक्षणकेंद्र

याच कारणाने तळेगावच्या कारखान्याने प्रशिक्षणाला महत्त्व दिले. पूर्वीचे कारखाने परदेशी कारागिरांवर विसंबून होते आणि ते कारागीर परतले की काम थांबे. पैसा फंडाचा हेतू नफा मिळवून भागधारकांत वाटण्याचा नव्हता, त्यामुळे होतकरू तरुणांना काम शिकवून बाहेर जाऊ देणे त्याला शक्य झाले. एरवी कोणताही कारखानदार आपला शिकलेला कारागीर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ देण्यास नाखूश असतो. येथे मात्र शिकलेल्या माणसाने अन्यत्र जाऊन कारखाना चालविणे हेच उद्दिष्टाचे साफल्य मानले गेले. तळेगावात शिकलेले कारागीर देशाच्या निरनिराळ्या भागांतील काच कारखान्यांत गेले. कारखान्याच्या कार्याचे मूल्यमापन केवळ त्याच्या विक्रीवरून करता येत नाही ते यामुळेच.

तळेगावात त्या काळी राष्ट्रीय शिक्षणाचाही प्रयोग चालू होता. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय कोल्हापुरात सुरू होऊन पुढे तळेगावास आले. ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले. सरकारी नियंत्रणाबाहेरची शाळा आणि लोकवर्गणीचा कारखाना हे दोन्ही प्रयोग एकाच गावात, एकाच विचारातून झाले. त्यांपैकी शाळेवर बंदी आली.

पहिले महायुद्ध आणि नंतरचा काळ

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनी व ऑस्ट्रियातून येणारा माल बंद झाला. ही पोकळी काही अंशी जपानी मालाने भरून काढली, तरीही देशी कारखान्यांना संधी मिळाली. परावलंबनाचे धोके युद्धामुळे सरकारच्याही लक्षात आले. सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय औद्योगिक आयोग (१९१६–१८) नेमला गेला, त्यामागे ही जाणीव होती.

याच काळात, १९१६ मध्ये, ओगले बंधूंनी कराडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत ओगले काच कारखाना काढला. तेथे पुढे तयार झालेला ‘प्रभाकर कंदील’ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला आणि कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळाले. स्वातंत्र्योत्तर काळात काचविषयक संशोधनासाठी केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था कलकत्ता येथे १९५० मध्ये सुरू झाली. विजेच्या दिव्यांचा प्रसार, स्वयंचलित यंत्रांवर होणारे बाटल्यांचे उत्पादन आणि प्लॅस्टिकचा वापर यांमुळे फुंकून घडविलेल्या काचेची मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्रच घटली.

औद्योगिक पट्टा आणि वारसा

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी-चिंचवड परिसरात औद्योगिक वसाहत वसविली. पुढे चाकण व तळेगाव येथे मोटार उद्योग आला. या पट्ट्याचा इतिहास सामान्यतः येथपासून सांगितला जातो. सरकारी गुंतवणूक, महामंडळाने संपादन केलेली जमीन आणि बहुराष्ट्रीय भांडवल ही त्याची ओळख झाली. पैसा फंड काच कारखाना या तिन्हींच्या आधीचा आहे आणि भांडवल उभारणीची त्याची रीत या तिन्हींहून वेगळी आहे.

तळेगाव ते चाकण या मार्गावर निरनिराळ्या काळांच्या खुणा एकापाठोपाठ आढळतात. जुने तळेगाव हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव. तळेगावहून चाकणकडे जाताना इंद्रायणीकाठी दाभाडे यांचा इंदुरीचा किल्ला लागतो. चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध ५६ दिवस लढविला. किल्ले आणि समाध्या यांची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सहज होते. भट्टी, साचा आणि फुंकनळी यांची तशी होत नाही, कारण कारखान्याच्या वस्तू जुन्या झाल्या की मोडीत निघतात आणि कारागिराचे कसब त्याच्याबरोबरच संपते. त्यामुळे औद्योगिक वारशाच्या अभ्यासात इमारतींइतकेच कामाच्या पद्धती, कारागिरांच्या आठवणी आणि घरोघर उरलेल्या चिमण्या-हंड्या यांच्या नोंदीला महत्त्व आहे.

हे सुद्धा पहा

स्वदेशी चळवळ
लोकमान्य टिळक
अंताजी दामोदर काळे
विष्णु गोविंद विजापूरकर
ओगले काच कारखाना
तळेगाव दाभाडे
इंदुरीचा किल्ला