आडाचं पाणी की नळाचं पाणी?



गावाकडच्या घरात नळ आला, आता परसातला आड ठेवायचा की बुजवायचा? सांगली-कोल्हापूर भागातल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या हा विषय निघतो. सासूबाई म्हणतात, आडाचंच पाणी शुद्ध, महाराजांच्या चौक्याला नळाचं कसं चालेल? सून म्हणते, नळाच्या पाण्यात औषध तरी टाकलेलं असतं. दोघींचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. पुरं समजायला थोडं मागे जावं लागेल.

पाणी गाळून पिणं ही आपली फार जुनी ओळख. पंडित आशाधरजींनी 13व्या शतकात 'सागारधर्मामृत' लिहिलं, त्यात श्रावकाच्या मूलगुणांमध्ये जलगालनही सांगितलं आहे. गाळण्याचं कापड 36 अंगुळं लांब, 24 अंगुळं रुंद आणि दुहेरी करून वापरायचं, हे माप परंपरेनं चालत आलं. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं चालतं. लवंग वगैरे घालून प्रासुक केलेलं सहा तास आणि उकळलेलं चोवीस तास. पण गाळण्यावर काम संपत नाही. गाळण्यात राहिलेली जीवाणी ज्या आडाचं पाणी, त्याच आडात परत सोडायची. तीही वरून फेकायची नाही. म्हणून पोहऱ्याला तळाशी कडी असते. पोहरा पाण्याला टेकला की दोर ओढून तो अलगद उलटा करायचा. म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईची नजर दिवसातून दोनदा तरी आडाच्या तळापर्यंत जायची. पाणी किती उतरलं, वास येतो का, काही पडलंय का, हे तिला सगळ्यांत आधी कळायचं.

याचा फायदा विज्ञानानं नंतर दाखवून दिला. आपल्या आजी-पणजीच्या काळात नारूचा रोग घरोघरी माहीत होता. ज्या विहिरीत लोक पायऱ्यांनी पाण्यात उतरतात, तिथं तो पसरायचा, कारण नारूची अळी पाण्यातल्या अगदी बारीक किड्यात वाढते. तो किडा कापडात अडकतो. 1980च्या दशकात सरकारनं नारू निर्मूलनाची मोहीम घेतली, तेव्हा गावोगाव हेच शिकवलं गेलं की पाणी कापडातून गाळा. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशातही जुन्या सुती साडीची चौपदरी घडी करून पाणी गाळायला लावलं, तर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्मे झाले. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला.

पण निम्मे म्हणजे सगळे नव्हेत, हेही लक्षात ठेवायला हवं. 1854 साली लंडनमध्ये पटकीनं माणसं पटापट गेली. डॉ. जॉन स्नो यांनी शोध घेतला, तर बोट एका विहिरीवरच्या पंपाकडे गेलं. शेजारच्या मैल्याच्या खड्ड्यातली घाण त्या विहिरीत झिरपत होती.

त्याच वर्षी मुंबईत पाण्याची मोठी टंचाई झाली. तोवर मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. पुढे 1856 मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि 1860 साली शहराला नळाचं पाणी मिळालं. तरी घरोघरच्या विहिरी चालूच राहिल्या. मग 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा अहवाल दिला. विहिरींत डास वाढतात म्हणून त्या बुजवा किंवा झाका, असा तगादा सुरू झाला. पारशी, हिंदू अशा अनेक कुटुंबांनी हरकत घेतली, कारण पूजेला विहिरीचंच पाणी लागायचं. बुजवू नका, जाळीचं झाकण बसवू द्या, असं कित्येकांनी मागितलं. महापालिकेचे चिटणीस रुस्तम मसानी यांनी तर या निमित्तानं विहिरींच्या लोककथांवर 1918 साली अख्खं पुस्तक लिहिलं. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही सांभाळलेली आहे.

नळानं एक मोठं कामही केलं. आड ज्याच्या अंगणात, पाणी त्याच्या हातात. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि 1927 साली महाडला चवदार तळ्यासाठी सत्याग्रह झाला, ते का, हे आपण विसरू नये. नळाला जात विचारता येत नाही.

1972च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर झाले. बोअरमध्ये जीवाणी परत सोडायला जागाच नाही, पाण्यात डोकावताही येत नाही. 2019 पासून जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरलं. कळशा वाहणाऱ्या बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण आपण डोकावणंही सोडलं. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा बोट प्रदूषित पंचगंगेकडे आणि नळाच्या पाण्याकडेच गेलं. काविळीचा विषाणू कापडात अडकत नाही. तो उकळण्यानं मरतो.

आता तुलना करूया.

आडाचं पाणी ताजं आणि हाताशी असतं, जीवाणी परत सोडता येते, चौक्याला चालतं. पण शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल तर धोका. निदान 50 फूट अंतर हवंच. पाणी जड असेल तर डाळ शिजत नाही, हे आपल्याला लगेच कळतं. उसाच्या शेतातल्या खताचं नायट्रेट मात्र चवीला कळत नाही आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लहान बाळांना ते पाणी देऊ नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यानं जंतूंचा बंदोबस्त होतो. पण पाणी दिवसाआड येतं, हंड्यात-टाकीत साठतं आणि तिथं परत घाण होतं. नळाला गाळण्याची पिशवी बांधली तरी जीवाणी कुठं सोडायची, हा प्रश्न उरतोच.

म्हणून माझं मत असं, की आड बुजवू नका. जाळी बसवा, कठडा उंच करा, वर्षातून एकदा गाळ काढा. खर्चाला नळ वापरा. चौक्याला आणि प्यायला आडाचं पाणी घ्यायचं असेल, तर पावसाळ्याआधी आणि नंतर ते तपासून घ्या आणि गाळून, उकळूनच वापरा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण आणि साहित्य देण्याची सोय आहे. ग्रामपंचायतीत विचारा, आपल्या गावात त्या पाच जणी कोण? नसतील तर आपलं नाव द्या.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आडात काय आहे हे आपल्या आज्यांना रोज माहीत असायचं. नळ आला तरी ते बघायचं काम आपल्याकडेच आहे.