'द किड': काचा फोडणारे पोर आणि एक जुना वाद

१९१९ च्या सुमारास हॉलिवूडचा विनोदी चित्रपट म्हणजे बहुधा दोन रिळांचा, वीसेक मिनिटांचा धुडगूस असे: पाठलाग, आपटाआपटी, लाथाळी. अशा काळात चार्ली चॅप्लिनने सहा रिळांचा चित्रपट हाती घेतला आणि त्याचा आरंभ केला तो आईने सोडून दिलेल्या तान्ह्या बाळापासून.

लेखक गुव्हर्नर मॉरिस यांनी त्याला सावध केले. प्रहसन तर प्रहसन, नाट्य तर नाट्य. दोहोंची सरमिसळ केल्यास एक बाजू फसणारच, असे त्यांचे मत. हा वाद चॅप्लिनने आत्मचरित्रात नोंदवला आहे. कलावंताचा स्वतः उभारलेल्या जगावर विश्वास असेल तर कोणतेही मिश्रण पटते, असे त्याचे उत्तर होते.

हे जग त्याच्या परिचयाचे होते. १८९६ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, आई आणि भावासह तो लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाउसमध्ये, म्हणजे निर्धनांच्या आश्रयगृहात, दाखल झाला. तेथे मायलेकरांची ताटातूट झाली. जुलै १९१९ मध्ये त्याचा पहिला मुलगा जन्मानंतर तीन दिवसांत दगावला. त्याच उन्हाळ्यात 'द किड'चे काम सुरू झाले.

चित्रपटातील गाजलेला विनोद पाहावा. पोर दगडाने खिडकीची काच फोडते आणि पाठीवर काचा लादलेला भटक्या 'योगायोगाने' तेथे उगवतो. प्रेक्षक खदखदून हसतात, पण ही त्या दोघांची पोट भरण्याची युक्ती आहे. पुढे अनाथालयाची माणसे मुलाला गाडीत घालून नेतात, तेही याच दारिद्र्यापायी. हसू आणि रडू यांचे मूळ एकच असल्याने मधला सांधा जाणवत नाही.

त्या प्रसंगातील जॅकी कूगनचे अश्रू खरे होते. चॅप्लिनच्या सांगण्यानुसार, मुलगा रडेना तेव्हा खऱ्या वर्कहाउसमध्ये धाडण्याचा धाक त्याला त्याच्या वडिलांनीच घातला. जॅकी तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. हा किस्सा पुष्कळदा कौतुकाने सांगितला जातो. तो तसा सांगू नये.

१९२० मध्ये घटस्फोटाच्या वादात चित्रपटावर जप्ती येईल या भीतीने चॅप्लिनने रिळे सॉल्ट लेक सिटीला हलवली आणि हॉटेलच्या खोलीत संकलन केले. जानेवारी १९२१ मध्ये चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. अर्धशतकानंतर, १९७१ मध्ये, त्याने स्वतःच्या संगीतासह तो पुन्हा आणला. त्या वेळी कात्री लागली ती आईच्या काही भावविवश प्रसंगांना. काचांचा प्रसंग राहिला.