मिनिध कार्न नेमकं कुठे?

आजचा प्रश्न वरवर भूगोलाचा आहे, पण मूळ मुद्दा पुराव्याचा आहे. १०८१ साली वेल्समध्ये मिनिध कार्न इथे लढाई झाली. एका बाजूला ग्रिफिध अप कनन आणि ऱ्हीस अप टेउडुर, दुसऱ्या बाजूला त्राहाइर्न, कारादोग आणि मेइलिर. हे तिघेही रणात पडले. दक्षिण वेल्समध्ये ऱ्हीसचा जम बसला. एवढी निर्णायक लढाई, पण रणभूमी आजही सापडलेली नाही.

साधनं काय आहेत? वेल्सच्या वार्षिक इतिवृत्तांत लढाईचं नाव आहे, ठिकाणाचा पत्ता नाही. जास्त माहिती मिळते ती ग्रिफिधच्या चरित्रात. ते बाराव्या शतकातलं, बखरीच्या वळणाचं. त्यात म्हटलंय की सैन्य सेंट डेव्हिड्सहून निघालं आणि दिवसभर चालून संध्याकाळी पोहोचलं. डोंगराच्या नावाची लोककथाही त्यात आहे: तिथे दगडांची मोठी रास आहे, आणि तिच्याखाली प्राचीन काळचा एक वीर पुरलेला आहे. ‘मिनिध’ म्हणजे डोंगर, ‘कार्न’ म्हणजे दगडांची रास.

आता नकाशा उघडा. सेंट डेव्हिड्सच्या ईशान्येला प्रेसेलीचे डोंगर आहेत, आणि तिथे ‘कार्न’ नावाची शिखरं पावलोपावली! कार्न इंग्ली सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटरवर. त्याच्या पूर्वेला, ४० किलोमीटरच्या आसपास, वोएल ड्रिगार्न. तिथे तर दगडांच्या तीन मोठ्या राशी आहेत. तीन राजे, तीन राशी. मोह होतो ना? पण त्या राशी कांस्ययुगातल्या, लढाईच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधीच्या.

बरं, ‘एका दिवसाची वाट’ तरी पक्की धरायची का? चरित्रात पुढे ऱ्हीस म्हणतो, उद्या लढू. ग्रिफिध ऐकत नाही, त्याच संध्याकाळी हल्ला करतो. म्हणजे संध्याकाळी पोहोचणं हा नायकाच्या शौर्यवर्णनाचाच भाग आहे. तेवढ्यानं ते खोटं ठरत नाही, पण त्याला मैलाचा दगड मानता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दंतकथा आणि चरित्र हे इथे दोन साक्षीदार नाहीत. दंतकथा आपल्याला चरित्रातूनच कळते, साक्ष एकाचीच. उद्या प्रेसेलीत एखाद्यानं राशीकडे बोट दाखवून हीच कथा सांगितली, तर आधी विचारायचं: ही तुमच्या आजोबांकडून आली, की त्यांनी वाचलेल्या पुस्तकातून?

तेव्हा शोध प्रेसेलीपासून सुरू करणं योग्यच आहे. फक्त तो तिथेच संपवायची घाई नको.