क्रिस्तोबाल बालेन्सियागा : बाहीसाठी हट्ट धरणारा कारागीर

पॅरिसच्या फॅशनविश्वात ज्यांच्यापुढे ख्रिस्तियान डिओर यांच्यासारखा समकालीन प्रतिस्पर्धीही आदराने नमत असे, ते स्पॅनिश पोशाखकार क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांचा जन्म २१ जानेवारी १८९५ रोजी उत्तर स्पेनच्या बास्क भागातील गेतारिया या मच्छीमारांच्या गावी झाला. वडील दर्यावर्दी होते. ते क्रिस्तोबाल यांच्या बालपणीच वारले आणि शिवणकाम करणाऱ्या आईवर, मार्तिना यांच्यावर, घराचा भार पडला. आईच्या शेजारी बसूनच मुलगा सुई धरायला शिकला. गावात उन्हाळ्यासाठी येणाऱ्या कासा तोरेस या उमराव घराण्यातील मार्क्विसबाईंनी त्याचे कसब हेरले आणि त्याला पाठबळ दिले. पुढे १९६० मध्ये याच घराण्यातील फाबिओला बेल्जियमची राणी झाली, तेव्हा तिचा विवाहवेष बालेन्सियागा यांनीच केला.

किशोरवयात सॅन सेबॅस्टियनमध्ये उमेदवारी करून त्यांनी त्याच शहरात स्वतःचे दालन उघडले. नंतर माद्रिद आणि बार्सिलोना येथेही शाखा निघाल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि हा सारा व्याप कोलमडला. १९३७ मध्ये त्यांनी पॅरिसच्या जॉर्ज पंचम मार्गावर नवे दालन थाटले. वेलास्केझच्या चित्रांतील राजकन्यांचे घेरदार पोशाख, झुर्बारानने रंगविलेल्या संतांची जड वस्त्रे आणि स्पेनचा गडद काळा रंग त्यांनी पॅरिसला नव्याने दाखविला. नाझींच्या ताब्यातील पॅरिसमध्येही हे दालन सुरू राहिले. त्यांच्या चरित्रातील हा भाग गौरवग्रंथांत बहुधा घाईने उरकला जातो.

त्यांचे वेगळेपण मात्र कात्रीत होते. रेखाटन, कापड बेतणे आणि शिवण ही तिन्ही कामे स्वतः करू शकणारे रचनाकार त्या काळीही विरळाच होते. बाही त्यांचा ध्यास होता. मुंढ्यात ती जरा जरी ओढली गेली, तरी तयार पोशाखाची बाही उसवून ते ती पुन्हा बसवीत. मनगट मोकळे ठेवणारी पाऊण बाही आणि मानेपासून किंचित मागे सरकलेली कॉलर या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. परंतु त्यांमुळे वय झालेल्या किंवा सडपातळ नसलेल्या ग्राहक स्त्रियाही डौलदार दिसत. डिओर यांनी १९४७ मध्ये कंबर आवळली. बालेन्सियागा नेमके उलट्या दिशेने निघाले आणि शरीर व कापड यांमधील मोकळी जागा वाढवीत गेले. १९५५ चा ट्यूनिक, १९५७ चा कंबर नसलेला सैल ‘सॅक’ आणि नंतरचा ‘बेबी डॉल’ हे याच वाटेवरचे टप्पे होत. ‘सॅक’ची तेव्हा थट्टाही पुष्कळ झाली. १९५८ मध्ये स्विस वस्त्रव्यावसायिक गुस्ताव झुमस्टेग यांच्यासमवेत त्यांनी ‘गझार’ हे ताठ रेशमी कापड विकसित केले. त्यातून अस्तराच्या सांगाड्याविना उभे राहणारे, जवळजवळ शिल्पासारखे पोशाख घडले.

स्वभाव अबोल होता. मुलाखती ते देत नसत. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी वृत्तपत्रांना आपला संग्रह खरेदीदारांनंतर आठवड्यांनी दाखविण्याचा शिरस्ता पाडला. नक्कल रोखणे हा त्यामागील हेतू होता. पॅरिसमधील पोशाखकारांच्या अधिकृत संघाचे ते सदस्यही झाले नाहीत. आंद्रे कुरेज आणि इमान्युएल उंगारो हे त्यांच्याच कार्यशाळेत तयार झाले. उबेर द जिव्हाँशी त्यांना गुरुस्थानी मानीत.

तयार कपड्यांचे युग आले तेव्हा त्याच्याशी जुळवून घेण्याऐवजी १९६८ मध्ये त्यांनी पॅरिसचे दालन एकाएकी बंद केले. कलावंताचा स्वाभिमान म्हणून या निर्णयाचे कौतुक होते. वर्षानुवर्षे तेथे शिवणाऱ्या कारागिरांचा रोजगार मात्र त्यात गेला. २३ मार्च १९७२ रोजी स्पेनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन गेतारियातच करण्यात आले.

नाव पुढे इतरांच्या हाती गेले. निकोला गेस्किएर यांनी १९९७ पासून त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली, तर २०१५ नंतर डेम्ना यांच्या काळात ते जाडजूड बुटांसाठी आणि वादांसाठी गाजले. २०२२ मध्ये मुलांचा वापर केलेल्या जाहिरातींवरून कंपनीला माफी मागावी लागली. त्याच वर्षी भारतासाठी रिलायन्स ब्रँड्सशी करार झाला. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये, ५३ वर्षांच्या खंडानंतर त्याच जॉर्ज पंचम मार्गावरील वास्तूत मापानुसार शिवलेल्या पोशाखांचा संग्रह पुन्हा सादर झाला होता. मूळ पोशाख पाहायचे असल्यास २०११ मध्ये गेतारियात उघडलेले संग्रहालय आहे. आईने जेथे सुई हाती दिली, त्याच गावात.